माझे डोळे ‘आले’ नव्हते!

मी पडले कॉन्व्हेंटची, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. लेख मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. (खरं तेल नको! आजीने मध सुचवला होता, तोही नको.)

गेल्या सप्टेंबरअखेर माझे डोळे लालभडक झाले आणि मेसमध्ये आमच्या टेबलवरच्या मुली ताटं घेऊन उठल्या. 2023 च्या पावसाळ्यातल्या साथीची धास्ती, दुसरं काय! पण माझी होती ॲलर्जी, आणि ती कोणाला लागत नाही. डोळे येतात तेव्हा बहुधा एका डोळ्यापासून सुरुवात होते, चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात. ॲलर्जीत दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज, पाणी आणि सोबत शिंका.

माझं कारण वर्कशॉपच्या मागेच उगवलं होतं. पांढऱ्या फुलांचं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. हे मूळचं अमेरिका खंडातलं, 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे परागकण डोळ्यात गेले की ॲलर्जीवाल्यांच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्यानेच खाज सुटते. डोळे चोळले की आणखी हिस्टामिन, आणखी खाज. कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक समजावायला नको!

आता माझा मूर्खपणा. रूममेटच्या कपाटात ड्रॉप्सची अर्धी बाटली होती. घातले, दुसऱ्या दिवशी लाली गायब! सबमिशन्स चालू होती, तीन आठवडे घालत राहिले. दिवाळीत घरी आईने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी बाटली वाचली आणि आधी डोळ्याचा दाब मोजला. 28 निघाला. साधारण 10 ते 21 असायला हवा.

बाटलीत डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉईड. त्याने लाली जाते, पण काही जणांच्या डोळ्यातल्या द्रवाचा निचरा तुंबतो, दाब चढतो आणि डोळ्याची नस हळूहळू मरते. हाच काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. ड्रॉप्स बंद केल्यावर माझा दाब महिन्याभरात उतरला. मी वाचले. स्टेरॉईड कधी कधी डॉक्टरही देतात, पण दाब तपासत, मोजके दिवस.

मला मिळाले ॲलर्जीचे साधे ड्रॉप्स, ओलोपॅटाडीन नावाचे. बाकी उपाय फुकटचे. खाज सुटली की गार पाण्याची घडी ठेवायची, चोळायचं नाही. बाहेरून आलं की तोंड धुवायचं, उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा, त्या दिवसांत कॉन्टॅक्ट लेन्स बंद. गाडीवर हेल्मेटची काच खाली. (तशीही असायलाच हवी, पण असो.) प्रकाश सहन होईना, दुखायला लागलं किंवा अंधूक दिसलं, तर मात्र थेट डॉक्टर.

ती बाटली मी रूममेटला विचारून फेकली. उघडून वर्ष झालं होतं, आणि असे ड्रॉप्स उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात!

रेक्टर मॅडमना एक विनंती. वर्कशॉपमागचं गवत यंदा फुलं धरायच्या आधीच मुळासकट काढून घ्यावं, आणि काढणाऱ्या मावशींना हातमोजे द्यावेत. त्या गवताने कातडीलाही ॲलर्जी होते.