पाटा काढायच्या आधी

पाटे बदलून गाडी घरी येते न येते तोच तुझा फोन, की काका, पिकअप नुसती आदळतेय, मागचा एक पाटा काढून टाकू का? नाही काढायचा. नव्या पाट्यांवर गाडी कडक लागली तर बहुतेक वेळा बसवताना काहीतरी आवळून टाकलेलं असतं. पाट्याला हलायला जागा आहे का, ते आधी बघ. पाटा काढणं अगदी शेवटी.

मुलुंड चेकनाक्यावर जकातीची रांग असायची तेव्हा (१ जुलै २०१७ ला जकात गेली, तशी रांगही गेली) आम्ही ड्रायव्हर लोक वेळ घालवायला एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघायचो. कुणाला किती पाटे, शेकल कुठे कललाय, शॉकअप गळतोय का. माझं निम्मं शिक्षण त्या रांगेत झालं. आता सांगतोय त्यातलं बरंच तिथलं आहे.

भांडुपहून घाटकोपरपर्यंत एलबीएस मार्गाने रिकामी गाडी नेलीस आणि पाठ मोडली म्हणतोस. रिकाम्या पिकअपवर पाटे जोखायचे नसतात. तुझी बोलेरो १.७ टनवाली. पाटे बनवलेत ते हौद्यात १७०० किलो माल असताना गाडी सरळ उभी राहावी म्हणून. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर त्या मानाने काहीच वजन नसतं, पाटा वाकत नाही आणि खड्ड्याचा दणका चासीतून थेट तुझ्या सीटमध्ये येतो. जुने पाटे मऊ वाटायचे कारण त्यांची कमान गेली होती. भार पडला की ते खालच्या रबरी गुटक्यावर आपटायचे, पण तेव्हा तुझं लक्ष मालाकडे असायचं. म्हणून आधी साताठशे किलो भरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीपर्यंत जाऊन ये. त्या भाराला गाडी अंगावर येत नसेल तर पाट्यांत खोट नाही. नवे पाटे सुरुवातीच्या काही आठवड्यांत थोडे बसतातही, तेवढा दम धर.

हवेचंही बघून टाक. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा हा जास्तीत जास्त भारासाठीचा असतो, आणि पंपावरचा पोरगा बहुतेकदा तोच धरून हवा मारतो. गाडीच्या पत्रीवर किंवा मॅन्युअलमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिली असेल तर ती पाळ, आणि मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. त्याच्याखाली मात्र उतरू नकोस. कमी हवेवर माल टाकला की टायरची भिंत तापते आणि मग तो हायवेवर फुटतो.

आता खरी गोष्ट, बुशची. पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेली भोकं असतात, त्यांत रबरी बुश बसतात. बुशच्या आत लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ती नळी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये पकडली जाते, मग ती फिरत नाही. पाटा वरखाली होतो तेव्हाचा सगळा पीळ मधलं रबर खातं. गॅरेजमध्ये काय होतं बघ. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत, पाटा पूर्ण कमानदार, आणि त्याच अवस्थेत मिस्त्री गन लावून सगळे बोल्ट करकचून आवळतो. गाडी खाली उतरते, पाटा सपाट व्हायला लागतो आणि रबर पहिल्या मिनिटापासून पिळलेलं. ते पाट्याला सतत उलटं ढकलत राहतं. ओल्या पंच्याला पीळ देऊन हातात धर, सोडल्यावर तो कसा उलटा फिरतो, तसं. गाडी कडक तर लागतेच, वर बुश वर्षभरात फाटतात, आणि दोष जातो रबर बनवणाऱ्याला.

इलाज फुकटाचा आहे. सपाट जागी गाडी उभी कर. असल्फाच्या चढावर किंवा भांडुपच्या टेकडीवर गल्लीत हे काम करायचं नाही. नेहमीचा निम्मा माल हौद्यात राहू दे, चारही चाकं जमिनीवर, पुढच्या चाकांना ओट. मग पाट्याच्या आणि शेकलच्या बोल्टांचे नट एकदोन आटे सैल कर. काढायचे नाहीत, बोल्ट तर हलवायचासुद्धा नाही, गाडीचं वजन त्यावरच आहे. हौद्यावर उभं राहून गाडी हलव, ओट काढून चार हात पुढेमागे घे, म्हणजे पिळलेलं रबर आपल्या जागी येईल. मग मॅन्युअलात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळ. सैल केलेले नट लॉकवाले असतील तर नवेच लाव, जुन्या नटाला पकड राहत नाही. एवढ्यानेच गाडी बदलल्यासारखी वाटेल अशी माझी अटकळ आहे.

शेकल बघताना टॉर्च घेऊन वाक. पाटा सपाट होताना लांबीला वाढतो, आणि ती वाढ घ्यायला शेकल झुलतो. नव्या पाट्याची कमान जास्त असली तर शेकल आत ओढला जातो. तो चासीला टेकत असेल, किंवा भार टाकल्यावरही हलत नसेल, तर पाटा दोन्हीकडून कोंडलाय असं समज. तिथे बुशचं माप किंवा पाट्याची लांबी चुकलेली असते; पहारीने ढकलून ते सुटत नाही. ग्रीसच्या निपलवाल्या धातूच्या पिना असतील तर ग्रीस मारताना चासी उचलून पिनेवरचं वजन काढायचं, नाहीतर ग्रीस पिनेच्या वरच्या नाहीतर खालच्या एकाच बाजूला जातं. रबरी बुशला मात्र ग्रीस नको, तेलाने रबर फुगतं.

पाट्यांच्या मधली घासणी राहिली. पाटे एकमेकांवर सरकतात तेव्हाच वाकतात. नव्या पाट्यांवर जाड रंग मारलेला असला किंवा गोदामात पडून ते गंजले असले तर ते चिकटतात, मग छोट्या खड्ड्याला दाद देत नाहीत आणि करकर वाजतात. चासी घोडीवर टेकवून एक्सल लोंबू दिला की पाट्यांची टोकं उघडतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, हे तुला शंभरदा सांगितलंय. उघडलेल्या फटीत तारेच्या ब्रशने घास आणि पातळ पट्टीने ग्राफाइटचं ग्रीस सरकव. टोकांना प्लास्टिकचे लायनर असतील तर ग्रीस नकोच. आमच्या वेळी जळकं इंजिन ऑइल ओतायचे. ते ब्रेक ड्रमकडे ओघळतं, आणि मेट्रोच्या कामाच्या धुळीत त्याचा लगदा होऊन पाटे उलट घासले जातात. आणि ग्रीसही सढळ हाताने नको. ती घासणीच थोडी उसळ दाबते, ती पूर्ण गेली तर गाडी डोलायला लागेल.

डोलणं थांबवायचं काम शॉकअपचं. तो वजन उचलत नाही. तेल गळतंय का ते बघ, आणि नव्या पाट्यांनी गाडी वर उचलली गेली असेल तर शॉकअप पूर्ण ताणून टोकाला गेलाय का तेही बघ. तसं असेल तर चाक खड्ड्यात पडताना वरून एक खट्ट असा झटका येतो आणि लोक त्याला पाट्यांचा कडकपणा म्हणतात.

गाडी मागून उचलली गेली असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही मुकाट्याने ऐक. काही पिकअपना मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक काडी असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला सांगते की भार किती आहे. हौदा वर गेला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. माल भरलेला, पाऊस पडतोय, आणि मागचे ब्रेक अर्धवट! काडी आहे का बघून ती मापात करून घे. हेडलाइट कुठे पडतात तेही रात्री एकदा भिंतीवर बघ.

गणपतीच्या दिवसांत मूर्ती न्यायचं काम येतं तेव्हा भार थोडा आणि माल नाजूक. तेव्हा पाट्यांशी खेळू नकोस. हौद्यात मागच्या एक्सलच्या किंचित पुढे रेतीची सहासात पोती टाक, दोरीने बांध, आणि गाडी पेव्हर ब्लॉकवरून माणूस चालतो त्या वेगाने काढ.

एवढं सगळं करूनही गाडी कडकच असेल तर मग मापं घ्यायची. जुने पाटे भंगारवाल्याला दिले नसशील अशी आशा आहे. व्हर्निअरने दोन्ही संचांची जाडी मोज. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी ९ चे पाटे पडले तर संच जवळजवळ ४२ टक्के कडक होतो आणि डोळ्यांना फरक दिसतही नाही. १० चे असतील तर जवळपास दुप्पट. आता उलट बघ. सहा सारख्या पाट्यांतला एक काढलास तर कडकपणा फार तर सहाव्या हिश्श्याने कमी होईल, पण उरलेल्या पाचांवर २० टक्के जास्त ताण येईल, आणि आडव्या खड्ड्यात मेन पाटाच तुटला तर एक्सल जागेवरून सरकेल. मेन पाटा तापवून कमान कमी करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघ, तापवलं की पोलादाचं पाणी जातं.

दुसरं म्हणजे तुझ्या गाडीला मुळात दोनतीन जाड, टोकाकडे पातळ होत जाणारे पाटे होते का ते आठव. त्या जातीचे पाटे मधे आणि टोकांनाच टेकतात, म्हणून मऊ चालतात. त्यांच्या जागी साध्या पाट्यांचा गठ्ठा बसवला असेल तर ग्रीस, बुश, हवा काहीही करून ती चाल परत येणार नाही. जास्त माल नेता येईल म्हणून कुणी जाडे पाटे सुचवले असतील तर लक्षात घे, पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही.

मग जुना संच गाडीत टाकायचा आणि पाटेवाल्याकडे जाऊन सांगायचं की हीच जाडी, हीच संख्या, कमान मात्र मूळ मापाची दे. तो कटकट करेल, पण माप समोर असलं की देतो. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट या वेळी नवेच घे, एकदा ताणलेला परत वापरायचा नाही. ते चाकांवर वजन असताना तिरपे-तिरपे आवळ, आणि पाचेकशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लाव, कारण पाटे बसले की ते सैल पडतात.