माउस समोरच्याच्याच हातात राहू दे

बाळा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झालीस आणि सगळ्यांना डिजिटल साक्षर करायचं काम तुझ्याकडे आलं, हे कळल्यापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. सभागृहात प्रोजेक्टर लावून दीडशे जणांची कार्यशाळा तुला अहवालासाठी घ्यावी लागेल, ती घे. पण शिकणं तिथं होत नाही. ते एकेकाच्या खुर्चीशेजारी बसून होतं. बसलीस की माउस त्याच्याच हातात राहू दे. तो चुकेल, वेळ लावेल, तुझा हात शिवशिवेल. तरी ‘द्या इकडे, मी करते’ म्हणू नकोस. तसं म्हटलं की पुढच्या वेळी तो तुलाच बोलावणार.

कार्यालयातल्या लोकांना कॉम्प्युटरचे भाग शिकवत बसू नकोस. त्यांना रोजचं दुखणं विचार. आमच्याकडे एक बाई विद्यार्थ्यांची गुणांची यादी आडनावाप्रमाणे लावायला दोन-दोन दिवस कट-पेस्ट करायच्या. त्यांना एक्सेलमधलं सॉर्ट दाखवलं. पण त्याआधी दोन गोष्टी करून घेतल्या. मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावानं ठेवायची, आणि सगळे रकाने एकदम निवडायचे. नुसता नावांचा रकाना निवडून तेवढाच सॉर्ट केला तर नावं हलतात, गुण जागच्या जागी राहतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. हे मी त्यांना पाच नावांच्या खोट्या यादीवर मुद्दाम चुकवून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून प्रत ठेवायचं त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

ज्येष्ठ प्राध्यापकांना विद्यार्थ्यांसमोर शिकवू नकोस. त्यांच्या खोलीत जा, दार लोटून घे.

विद्यार्थी रील बनवतात म्हणजे त्यांना सगळं येतं, असं मात्र धरून चालू नकोस. गावाकडून आलेल्या मुलीला पहिल्या भेटीत एवढंच विचार, ‘तुझा ई-मेल कोणी उघडून दिला?’ बहुधा ‘झेरॉक्सवाल्या दादांनी’ असं उत्तर येईल. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती, सगळं तिथंच भरलेलं असतं. ई-मेल दुकानाचा, मोबाइल नंबर दुकानाचा, पासवर्ड दुकानदाराच्या वहीत. एमएच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली, दुरुस्तीचा निरोप दुकानाच्या मेलवर गेला, आणि दुकान तोवर बंद पडलं होतं. मुदत टळली, त्या वर्षाचे पैसे गेले. ती रडली नाही, नुसती फोनकडे बघत बसली. तिचा तो चेहरा मला आजही आठवतो. म्हणून सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाकडून स्वतःच्या नंबरावर स्वतःचा ई-मेल उघडून घे आणि जुन्या अर्जांवरचा नंबर बदलून घे. पासवर्ड ज्याचा त्यालाच टाकू दे, तू तोंड फिरवून बस.

संशोधकांपैकी मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांकडे जास्त लक्ष दे, कारण त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2009 च्या नियमांपासून पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते, आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला प्रबंध तिथं नुसता पडून राहतो. डोळ्यांना मराठी दिसतं. मशीनच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. शोधणाऱ्याला त्यातला एक शब्द सापडत नाही. चार-पाच वर्षांची मेहनत अशी गाडली जाताना मी पाहिली आहे. म्हणून पहिल्या प्रकरणाच्या वेळीच पीडीएफ करायला लाव, कंट्रोल-एफ दाबून त्यातलाच एक मराठी शब्द शोधायला सांग. सापडला नाही तर टायपिंग तिथंच थांबव. ‘ॲ’ आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ यांची परीक्षा वेगळी घे. ही अक्षरं दोन-दोन तऱ्हांनी टाइप होतात. दिसतात सारखी, पण शोधताना एक दुसऱ्याला ओळखेलच असं नाही. अख्ख्या प्रबंधात एकच तऱ्हा ठेवायला सांग. टायपिंग दुसऱ्याकडून करून घेणार असतील तर ही अट पैसे ठरवतानाच घालायची.

लेख कुठं छापायचा, हे आता संशोधकाला स्वतःलाच पारखावं लागतं. पारखलेल्या नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगानं बंद केली. ‘तीन दिवसांत छापतो, एवढे पैसे भरा’ असा मेल आला की संपादक मंडळातली दोन-तीन नावं घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधायला लाव. चॅटजीपीटीनं दिलेल्या संदर्भांचंही तसंच. लेखकाचं नाव अस्सल, नियतकालिक अस्सल, आणि लेखच अस्तित्वात नाही, असं होतं. लेखाचा ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, 10 ने सुरू होतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकायला लाव, आणि तोच लेख उघडतो का ते तिथल्या तिथं बघू दे. आपल्या मराठी नियतकालिकांतल्या जुन्या लेखांना असा क्रमांक बहुधा नसतो. तिथं कपाटातून अंक काढून पान उघडून दाखव. हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

आणि हो, जून-जुलैत प्रवेशाच्या गर्दीत कार्यालयात कोणाला शिकवायला जाऊ नकोस, निकालाच्या आठवड्यात तर नकोच. ऑगस्टमध्ये दुपारच्या चहानंतर जा. स्वतःची खुर्ची घेऊन जा, तिथं जास्तीची नसते.