रोटाव्हेटरची लेव्हल : वरून सपाट, खालून वाकडं?



रोटर मारल्यावर रान वरून छान सपाट दिसतं. पण ते सपाट करते मागची फळी. पाती खाली सारखी चालली की नाही, हे वरून कळत नाही. रोटर एका बाजूला कललेला असेल तर एक पट्टा खोल भुसभुशीत आणि शेजारचा उथळ राहतो. पेरणीयंत्राचे फण भुसभुशीत पट्ट्यात जास्त खाली जातात. सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंटिमीटरवर पडायला हवं. त्याखाली गेलं की उगवण मागे-पुढे होते. मग आपण बियाण्याला दोष देतो.

*⚠️ आधी सुरक्षा*
पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला. उचललेल्या रोटरखाली हात-पाय घालू नका. हायड्रॉलिक कधीही खाली बसू शकतं. दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे सरकवा. रोटर त्यांवर टेकू नये, पण खाली आला तर अडला पाहिजे.

*१) आडवी लेव्हल*
▪️ ट्रॅक्टर सपाट कोब्यावर उभा करा. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी.
▪️ दोन्ही बाजूंच्या साखळ्या सारख्या ताणून रोटर मधोमध आणा.
▪️ रोटर जमिनीपासून वीतभर उचला.
▪️ पात्यांच्या शाफ्टच्या डाव्या व उजव्या टोकापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. पात्याच्या टोकापासून मोजू नका, पाती कमी-जास्त झिजलेली असतात.
▪️ फरक आला तर उजव्या लिफ्ट रॉडचं हँडल थोडं फिरवा, पुन्हा मोजा. दोन्ही मापं जुळेपर्यंत हेच करा.
▪️ दोन्ही बाजूंच्या स्किडचे बोल्ट एकाच नंबरच्या भोकात आहेत ना, तेही बघा.

*२) पुढची-मागची लेव्हल*
ही रानात बघायची. नेहमीच्या खोलीवर थोडं चालून थांबा, रोटर मातीतच ठेवून इंजिन बंद करा. गिअरबॉक्सवर गवंड्याची पाणसळ ठेवा. गिअरबॉक्सचं तोंड वर गेलं असेल तर टॉप लिंक आखूड करा, खाली झुकलं असेल तर लांब करा. तोंड तिरकं राहिलं तर पीटीओ शाफ्टचा क्रॉस खडखडतो आणि लवकर जातो.

*३) पाती*
सैल बोल्ट पान्ह्याने आवळा. पात्याची धार फिरण्याच्या दिशेलाच हवी. जुन्यात एखाद-दुसरं नवं पातं घातलं तर रोटर थरथरतो, शक्यतो पूर्ण सेट बदला.

*४) खरी परीक्षा*
२०-२५ फूट चालवा. ट्रॅक्टर बंद करून मागच्या पट्ट्यात डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे हाताने माती बाजूला करा, खालचा घट्ट थर लागेपर्यंत. तिन्ही ठिकाणी पट्टीने खोली मोजा. सारखी आली की पुढचं रान करा.

रोटर भाड्याने घेताय? तरीही पहिल्या तासाला ही तीन मापं मालकासमोर घ्या. पैसे एकराचे देताय, काम अर्ध्या पट्ट्याचं नको.

एक विनंती : चालू रोटरवर वजनासाठी माणूस बसवू नका, लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका. लुगड्याचा पदर, उपरणं, सैल कपडे पीटीओपासून लांब ठेवा. वजन हवं असेल तर दगड बांधा, माणूस नको.

अडलं तर मापं आणि फोटो गटावर टाका. 🌱