पडद्यावरील इराणी मनुष्य

शत्रूचें चित्र काढतांना चित्रकाराच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होते. आजचे विद्यार्थी पुष्कळसा इतिहास ग्रंथांपूर्वीं चित्रपटांतच पाहतात. म्हणून पडद्यावरील मनुष्य खरा कीं कल्पित, हें पारखण्याची संवय त्यांनीं लावून घेतली पाहिजे. पाश्चात्य चित्रपटांतील इराणी लोक हें याचें बोधप्रद उदाहरण होय.

सन २००७ मध्यें ‘३००’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. इ. स. पूर्वीं ४८० मध्यें ग्रीसमधील थर्मापिलीच्या खिंडींत स्पार्टाच्या वीरांनीं इराणी सैन्यास रोखून धरिलें, हा त्याचा विषय. त्यांत स्पार्टाचे लोक सुंदर व स्वातंत्र्यप्रिय, तर इराणी सेना म्हणजे विद्रूप राक्षसांचा समुदाय. आणि सम्राट झर्क्सीस हा अंगभर सांखळ्या व कड्या ल्यालेला, स्वतःस देव म्हणविणारा अमानुष पुरुष! उलट इराणची प्राचीन राजधानी पर्सेपोलिस येथील शिल्पांत तेथील राजे लांब दाढीचे, पायघोळ वस्त्रांचे व गंभीर मुद्रेचे दिसतात. शिवाय ज्या स्पार्टास स्वातंत्र्याचें माहेरघर ठरविलें, तेथील शेतें हेलट नांवाचे दास कसीत असत.

याच युद्धावर अथेन्सच्या एस्किलसनें इ. स. पूर्वीं ४७२ मध्यें, म्हणजे अवघ्या आठ वर्षांनीं, ‘पर्शियन’ हें शोकनाटक रंगभूमीवर आणिलें. तो स्वतः मॅराथॉनच्या रणांगणावर इराण्यांशीं लढला होता. तरीही त्यानें प्रेक्षकांस नेलें तें इराणच्या राजवाड्यापुढें, सम्राटाच्या मातेच्या शोकापाशीं. शत्रूलाही आई असते, हें त्यानें विजयी अथेन्सला दाखविलें.

पवित्र शास्त्र वाचणारांस तर इराण परका नाहीं. एस्तेरच्या पुस्तकांतील अहश्वेरोश म्हणजे हाच झर्क्सीस, असें बहुतेक विद्वान् मानतात. तेथें तो लहरी व रागीट आहे, परंतु मनुष्य आहे. यहूद्यांस बाबेलाहून स्वदेशीं जाऊन मंदिर बांधण्याची मोकळीक देणारा कोरेशही इराणचाच राजा; यशया त्यास परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो.

सन २०१२ मधील ‘आर्गो’ या चित्रपटाचा दोष अधिक सूक्ष्म आहे. सन १९७९ मध्यें तेहरान येथील अमेरिकन वकिलातीवर हल्ला झाला व ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले, हा अन्याय सत्यच. तो दाखविण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु वकिलातीबाहेर लपलेलीं सहा माणसें देश सोडून निघतांना विमानामागें शिपायांच्या गाड्या धांवतात, तो प्रसंग निव्वळ कल्पित होय. तीं माणसें १९८० मध्यें पाठलागावांचून विमानानें गेलीं. खरा अपराध पुरेसा असतां त्यांत खोट्याची भर कशाला?

उपाय एकच. इराण्यांनीं स्वतः काढलेले चित्रपटही पाहावे. मजीद मजिदी यांच्या १९९७ च्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ मध्यें गरीब भाऊ-बहीण बुटांचा एकच जोड आळीपाळीनें घालून शाळेंत जातात. तीं मुलें पाहिल्यावर राक्षसांची कथा मनांत टिकत नाहीं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, अशी आपणांस आज्ञा आहे. ती चित्रें काढणारास लागू आहे, तशीच तीं पारखल्यावांचून खरीं मानणारासही लागू आहे.