फ्लिंट हिल्सला पुन्हा जाताना

प्रश्न : २०२३ मध्ये कॅन्ससच्या 'अनबाउंड ग्रॅव्हल' या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीत २०० मैलांची राइड चिखल आणि पंक्चरमुळे अर्ध्यावर सोडली. पुन्हा जायचंय. तयारीत काय बदलू?

उत्तर : आधी टायर बदला, पायांचं नंतर बघू. शर्यत फ्लिंट हिल्सच्या टेकड्यांतून जाते, आणि फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. आदिमानव ज्याची पाती करायचा, तोच. टायरची बाजू तो सुरीसारखी चिरतो. म्हणून जाड कडांचे, ४५ मिमीच्या आसपासचे ट्यूबलेस टायर घ्या. सोबत प्लग आणि दोन ट्यूबही. चिकट चिखल दिसला की पेडल रेटू नका. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, कडेच्या गवतातून चाला. चिखल अडकून गिअर बदलणारा डिरेलर तुटला की खेळ खल्लास! चिखल खरवडायला रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवा. हसू नका, ती खरंच कामाची आहे.