लोणारच्या सहलीची पूर्वतयारी

राजूरच्या गणपतीची टेकडी आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर यांचा पाषाण एकच, तो म्हणजे काळा बेसाल्ट. म्हणून राजूरच्या शाळेने लोणारच्या सहलीचा पहिला पाठ या टेकडीवरच घ्यावा. विद्यार्थ्यांनी खडकाचा रंग व भेगा न्याहाळून वहीत नोंदवाव्यात.

दुसरा पाठ वर्गात घ्यावा. घमेल्यात कोरडी, बारीक माती पसरून उंचावरून गोटी टाकावी. खळगा पडतो व उडालेली माती त्याच्या काठावर साचते. लोणार येथे उल्कापाषाणाच्या आघाताने असाच खळगा पडला. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठ भोवतालच्या भूमीहून सुमारे २० मीटर उंच आहे. तेथील खडकात आघाताच्या प्रचंड दाबाने बनलेली काच आढळते. ज्वालामुखीत तसा दाब नसतो.

शिक्षकाने आधी स्वतः जाऊन वाटेची पाहणी करावी व वनखात्याचे नियम विचारून घ्यावेत. सहल हिवाळ्यात काढावी आणि जालना-मंठा मार्गाने जाण्यासाठी पहाटेच निघावे. सरोवराचे पाणी खारट व क्षारयुक्त असल्याने पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. उतार तीव्र आहे. उतरण्यापूर्वी व वर आल्यावर मुलांची गणती करावी. हे स्थळ अभयारण्य असून २०२० साली रामसर यादीत समाविष्ट झाले आहे. तेथील एकही दगड उचलू नये. त्याचे चित्र काढून आणावे.

परतल्यावर एकच प्रश्न विचारावा : विवराचा काठ उंच का? उत्तर देताना ज्यास घमेल्यातील माती आठवेल, त्याची सहल फळास आली असे समजावे.