पाण्यातील हिरवे सारखेपण

माध्यमिक वर्गांत प्रकाशसंश्लेषणाचा एक प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, त्यांवर पालथे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवले की बुडबुडे वर चढू लागतात. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या बहुतेकांस तो स्मरत असेल. मात्र त्या पात्रातील वनस्पती खरोखर हायड्रिलाच होती काय, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल. पाण्यात बुडून वाढणारी जवळजवळ कोणतीही वनस्पती असे बुडबुडे देते. त्यामुळे प्रयोग यशस्वी होतो आणि चुकीचे नाव निर्विघ्नपणे वहीत उतरते. आम्ही मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. दस्तऐवजात एक नाव चुकले की पुढे किती घोटाळे होतात हे जाणून असल्यामुळे या विषयाकडे आमचे लक्ष गेले.

रंगीत माशांच्या दुकानात हायड्रिला, इलोडिया आणि एजेरिया या तिन्ही एकाच नावाने विकल्या जाऊ शकतात. तिघी एकाच कुळातील, तिघींची पाने खोडाभोवती कड्यांसारखी मांडलेली. हायड्रिला आपल्याकडची. इलोडिया उत्तर अमेरिकेची, एजेरिया दक्षिण अमेरिकेची. प्रथम एका कड्यातील पाने मोजावीत. इलोडियाच्या कड्यात बहुधा ३, एजेरियाच्या कड्यात बहुधा ४ पाने असतात. हायड्रिलात ३ पासून ८ पर्यंत आढळतात. म्हणजे केवळ मोजणीवर निर्णय देता येत नाही. मग पान टोकाकडून देठाकडे बोटांत धरून ओढावे. हायड्रिलाच्या कडा करवतीसारख्या दातेरी असून त्या बोटास खरखरीत लागतात. पानाच्या मागील मध्यशिरेवरही बारीक काटे असतात. एजेरियाचे दाते भिंगाशिवाय दिसत नाहीत आणि तिचे पान मऊ, मोठे, दाट असते. तरीही शंका उरलीच तर मुळाशी पाहावे. चिखलात वाटाण्याएवढे लहान कंद सापडले तर ती हायड्रिला. इतर दोघींस असे कंद नसतात.

हे कंद चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहतात, आणि त्यांनीच परदेशात मोठा अनर्थ केला. १९५० नंतरच्या दशकात हायड्रिला श्रीलंकेहून मत्स्यपेटीच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पोहोचली. तेथे तिला दीर्घकाळ इलोडियाच समजले गेले; ‘फ्लोरिडा इलोडिया’ असेही नाव पडले. खरी ओळख पटेपर्यंत ती नद्या-तलावांत पसरली होती. आपल्या तळ्यात मासोळ्यांस आसरा देणारी वनस्पती तेथे उपद्रवी ठरली.

उलट प्रवासही घडतो. दोऱ्यासारख्या पानांच्या वनस्पतींत सेरॅटोफायलम आणि कॅबोम्बा यांची गल्लत नेहमीची. सेरॅटोफायलम आपल्या तलावांतील. तिला मुळेच नसतात, पाने कड्याने येतात आणि प्रत्येक पान एक-दोनदा दुभंगते. कॅबोम्बाची पाने बहुधा समोरासमोर जोडीने, देठ असलेली आणि पंख्यासारखी विभागलेली. ही मूळ अमेरिका खंडातील. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील आवळ पांडी येथे २०२० साली एक जलप्रवाह तिच्या गुलाबी फुलांनी भरून गेला आणि लोक ते दृश्य पाहण्यासाठी गर्दी करू लागले. फुले सुंदर होती हे खरे. पण त्या झाडोऱ्याखाली स्थानिक वनस्पतींस ऊन मिळणे अवघड होते. अशाच दोरेदार पानांवर बारीक पिशव्या दिसल्या तर ती युट्रिक्युलारिया जाणावी. ती त्या पिशव्यांत जलपिसवा पकडून पचवते. विद्यार्थ्यांस याहून आवडती वनस्पती आम्ही पाहिलेली नाही!

फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया ओळखणे सोपे. तिची मादी फुले लांब, गुंडाळीदार देठावर पृष्ठभागावर येतात. नर फुले तळाशी सुटून वर तरंगत जातात.

आता कमळ. येथे आपल्या समाजाचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. कमळ आणि कुमुद यांस आपण सरसकट कमळच म्हणतो. वास्तविक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे नाते फार दूरचे आहे. कमळाचे पान अखंड वर्तुळाकार असून देठ त्याच्या मध्यभागी जोडलेला असतो, आणि मोठी पाने पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते व त्यास देठापर्यंत एक चीर असते. कमळाच्या फुलात मधोमध भोकाभोकांचा शंकू असतो, कुमुदात नसतो. खऱ्या कमळास निळा रंग नाही. निळे फूल कुमुदाचे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातातील फुलास ‘नीलकमळ’ म्हणताना हे ध्यानात असावे. प्राचीन पाली भाषेस हा भेद ठाऊक होता. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात तळ्याचा दृष्टान्त येतो तेथे उप्पल, पदुम आणि पुंडरीक हे तीन शब्द वेगवेगळे योजले आहेत. उप्पल हे कुमुदवर्गातील, पदुम व पुंडरीक ही कमळे. भाषेत असलेला भेद आपण नंतर गमावला, असे आमचे मत आहे.

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांच्या काठावर मात्र तो पूर्णतः गेलेला नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर ढिवर समाज मासेमारी करीत आला. पाण्यातील कोणती वनस्पती माशास चारा, कोणती अंडी घालण्यास जागा, हे त्यांस पुस्तकाविना कळते. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवरांनी, विशेषतः स्त्रियांनी, तलावांतील बेशरमाची झुडपे उपटून त्यांच्या जागी हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेरॅटोफायलम यांसारख्या स्थानिक पाणवनस्पती हाताने लावल्या. त्या रुजल्यावर स्थानिक मासे परतू लागले. तेथे चुकीची काडी लावली असती तर तलाव अधिकच बिघडला असता. आपल्या शाळेत त्या भागातून येणारी मुले आहेत. वर्गात पाणवनस्पतींचा पाठ सुरू होतो तेव्हा प्रथम त्यांनाच बोलू द्यावे, असा आमचा आग्रह असतो.

नागपुरात अंबाझरी तलाव जलपर्णीने झाकला गेल्याचे आपण पाहिले आहे. मत्स्यपेटी रिकामी करताना तिच्यातील झाडोरा अंबाझरीत, फुटाळ्यात वा नाल्यात टाकू नये. एजेरियाचा तुटलेला तुकडाही नवे झाड होतो. तिच्या मूळ प्रदेशाबाहेर ती बियांवाचून अशीच पसरली. काड्या उन्हात पूर्ण वाळवाव्यात, कुरकुरीत झाल्या की कचऱ्यात द्याव्यात.